खोऱ्याचा दांडा आणि जन्मठेपेची भीती

प्रश्न : माझं माहेर माण तालुक्यात, मी लग्नानंतर पुण्यात. गेल्या महिन्यात बांधावरून भावकीत भांडण झालं. चुलतभाऊ ट्रॅक्टरने नांगरताना आमचा बांध कोरत होता. माझा धाकटा भाऊ (वय २४) आडवा गेला. शिवीगाळ झाली, झटापट झाली आणि भावाने हातातल्या, खोऱ्यातून निघालेल्या दांड्याने मारलं. चुलतभावाच्या मनगटाला लागलं, प्लास्टर घातलंय म्हणतात. माझ्या भावाच्याही डोक्याला टाके पडले, पण आम्ही गावातल्या खासगी डॉक्टरकडे गेलो आणि गप्प बसलो. त्यांनी मात्र त्याच संध्याकाळी फिर्याद दिली. त्यात भावाचं आणि आईचं (वय ६२) नाव आहे. कलमं भारतीय न्याय संहितेची ११८(१), ११५(२), ३५२, ३५१(२) आणि ३(५). जमादार म्हणतात, डॉक्टरांचा दाखला आला की ११८(२) लागणार. गावातल्या एका जाणत्याने सांगितलं की त्याला जन्मठेप आहे. जमादारांनी भावाच्या व्हॉट्सॲपवर नोटिशीचा फोटो पाठवून 'येऊन सह्या करून जा' असा निरोप दिला. भाऊ घाबरून मावशीकडे जाऊन राहिलाय. चुलते म्हणतात दोन लाख द्या, केस मागे घेतो. भाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय. आम्ही काय करावं?
– एक बहीण, पुणे (नाव छापू नये)

ताई,

आधी भावाला मावशीकडून परत बोलवा. आजच. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल.

घाई एवढ्यासाठी की, ज्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्यात नुसता गुन्हा नोंदला म्हणून पोलीस अटक करू शकत नाहीत. अटक का गरजेची आहे, हे त्यांना लेखी मांडावं लागतं : आरोपी पळून जाईल, पुरावा नष्ट करेल, साक्षीदारांना धमकावेल, पुन्हा तसंच काही करेल, किंवा त्याच्याशिवाय तपास पुढे सरकणार नाही. अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने हे ठणकावून सांगितलं. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे. तुमच्या भावावर आज जी कलमं आहेत त्यांत सगळ्यांत मोठी शिक्षा तीन वर्षांची. म्हणजे तो घरी बसला असता, नोटीस आल्यावर हजर झाला असता, तर अटकेला कारण सापडणं अवघड होतं. मावशीकडे जाऊन त्याने ते कारण स्वतःच्या हाताने पुरवलंय. 'आरोपी गुन्हा घडल्यापासून मिळून येत नाही' हे वाक्य एकदा रिमांडच्या अर्जात आलं की ते खोडायला वकिलाला घाम फुटतो.

आता त्या कलमांकडे येऊ. १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिता गेली आणि आकडे बदलले. त्यामुळे गावातल्या जाणत्यांचीही पंचाईत झाली आहे, त्यांना ३२४, ३२६ पाठ होतं. तुमच्या फिर्यादीतलं ११५(२) म्हणजे जुनं ३२३, साधी दुखापत. एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ३५२ म्हणजे जुनं ५०४, भांडण उसळावं अशा हेतूने केलेला अपमान, आणि ३५१(२) म्हणजे जुनं ५०६ चा पहिला भाग, धमकी. दोन्हींना दोन वर्षांपर्यंत. ही तिन्ही अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत अशी, आणि जामीनपात्र. एकटी असती तर ठाण्यात एन.सी. (अदखलपात्र नोंद) लिहून तुम्हाला घरी पाठवलं असतं. पण फिर्यादीत एक जरी दखलपात्र कलम असलं की सगळं प्रकरण दखलपात्र म्हणूनच चालतं, आणि इथे ते एक कलम आहे ११८(१). धोकादायक हत्याराने दुखापत. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दखलपात्र आणि अजामीनपात्र. अजामीनपात्र म्हटलं की जामीन मिळतच नाही असं लोक धरून चालतात. तसं नाही. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क असतो, ठाण्यातच द्यावा लागतो. अजामीनपात्र गुन्ह्यात तो न्यायाधीशांच्या विचारावर सोडलेला असतो. अशा मारामारीच्या, पूर्वीचा काही डाग नसलेल्या पोराला तो बहुतेक वेळा मिळतो.

३(५) हा मुळात वेगळा गुन्हाच नाही. सगळ्यांनी मिळून एका इराद्याने केलं, असा तो आरोप. अख्खं घर गुंतवायचं असेल तेव्हा तो हमखास लागतो. आईबद्दल पुढे लिहिते.

तुमची खरी झोप उडवलीय ती ११८(२) ने. धोकादायक हत्याराने गंभीर दुखापत. शिक्षा जन्मठेप, किंवा कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त दहा वर्षं, शिवाय दंड. त्या जाणत्याने खोटं सांगितलं नाही, पुस्तकात हेच आहे. पण त्याने पुढचं पान उलटलं नाही. हा गुन्हा चालतो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, आणि त्या न्यायाधीशांना तीन वर्षांपेक्षा जास्त कैद देण्याचा अधिकारच नाही. त्यांना त्याहून कडक शिक्षा हवीशी वाटली तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात, त्यांची मर्यादा सात वर्षांची. एखादं प्रकरण फारच भयंकर वाटलं तर ते सत्र न्यायालयाकडे सोपवता येतं, पण मनगटाच्या फ्रॅक्चरसाठी तसं होताना मी पाहिलेलं नाही. तेव्हा जन्मठेप हा शब्द घरात आईसमोर उच्चारणं आधी बंद करा. कलमात लिहिलेला आकडा ही कमाल हद्द असते, आणि तिच्या जवळपासही न जाणारे निकाल आम्ही रोज बघतो.

याचा अर्थ ११८(२) हलकं घ्या असा नाही. ते लागलं तर तीन गोष्टी बदलतात. सात वर्षांच्या आतल्या गुन्ह्याला अटकेपासून जे कवच आहे ते पातळ होतं. अटक झाली आणि जामीन मिळाला नाही, तर दोषारोपपत्रासाठी पोलिसांना साठऐवजी नव्वद दिवस मिळतात. तेवढ्या दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर मात्र जामीन हा हक्क होतो, फक्त तो मागावा लागतो. आणि शेवटी दोषी ठरलाच तर चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची १९५८ च्या परिवीक्षा कायद्यातली सोय जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्याला मिळत नाही.

म्हणून सगळं येऊन थांबतं दोन गोष्टींवर, हाड आणि दांडा.

हाडाचं सोपं आहे. गंभीर दुखापत कशाला म्हणायचं हे कलम ११६ मध्ये ठरवून दिलंय, आणि हाड किंवा दात मोडणं किंवा निखळणं हे त्यात आहेच. नुसती चीर गेली असली तरी वाचण्याची फार आशा धरू नका. पण प्लास्टर म्हणजे फ्रॅक्चर नव्हे. मुका मार, लिगामेंटची ओढ, यालाही प्लास्टर घालतात. खरं काय ते एक्स-रे सांगतो. दाखल्यावर एक्स-रेचा नंबर आहे का, तारीख घटनेच्या दिवसाची की चार दिवसांनंतरची, दाखला सरकारी रुग्णालयाचा की खासगी, हे तुमच्या वकिलांनी दोषारोपपत्राबरोबर आलेल्या कागदात बघायचं. त्या डॉक्टरला आत्ता जाऊन भेटायचं नाही. तुम्हीही नाही, मामांनीही नाही.

दांड्याचं मात्र रंजक आहे. तुम्ही पाठवलेली फिर्याद मी दोनदा वाचली. त्यात लिहिलंय, 'खोऱ्याने माझ्या हातावर मारून'. तुमच्या पत्रात लिहिलंय, खोऱ्याचा दांडा निघालेला होता, लोखंड बांधावरच पडलं होतं, भावाच्या हातात नुसतं लाकूड होतं. हा फरक किरकोळ नाही. कलम ११८ ला हवं असतं गोळी मारण्याचं, भोसकण्याचं किंवा कापण्याचं साधन, किंवा असं साधन की जे हत्यार म्हणून वापरलं तर जीव जाण्याची शक्यता आहे. लोखंडी पात्याचं खोरं त्यात सहज बसतं. हातभर लाकूड बसेल का? ते किती लांब, किती जाड, कुठे मारलं, किती जोरात, किती वेळा, यावर ठरतं. २००५ मध्ये मथाई विरुद्ध केरळ राज्य या प्रकरणात दगडाबद्दल हाच प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अमुक वस्तू म्हणजे धोकादायक हत्यार अशी ठरलेली यादी नसते, आकार आणि वापर पाहावा लागतो. आणि त्या आरोपीची जुन्या ३२६ (आजचं ११८(२)) खालची शिक्षा ३२५ (आजचं ११७(२)) वर आणली. तुमच्या बाबतीत तेच घडलं तर ११८(२) च्या जागी येतं ११७(२), म्हणजे धोकादायक हत्याराविना केलेली गंभीर दुखापत. शिक्षा सात वर्षांपर्यंत, पण गुन्हा जामीनपात्र आणि कोर्टाच्या परवानगीने तडजोड होण्याजोगा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. इथे खोऱ्याचा दांडा नुसताच होता हे सिद्ध झालं तर तोच तुमच्या भावाला बरंच काही वाचवेल.

म्हणून तो दांडा जाळू नका, विहिरीत टाकू नका, लपवूही नका. पुरावा नाहीसा करणं हा आणखी एक गुन्हा, आणि इथे तर तो तुमच्याच उपयोगाचा पुरावा. पोलीस जप्त करायला येतील तेव्हा पंचनाम्यात त्याचं वर्णन नीट येतंय का बघा : लांबी, घेर, लाकूड कुठलं, लोखंड आहे की नाही. जप्तीचं चित्रीकरण करणं आता कायद्याने बंधनकारक आहे, मोबाइलवर का होईना. 'एक खोरे' एवढंच लिहून कोणी पुढे सरकत असेल तर तिथेच, शांतपणे, वकिलामार्फत लेखी हरकत घ्या.

नोटीस. कलम ३५(३) ची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, ती प्रत्यक्ष बजावली पाहिजे, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सगळ्या राज्यांच्या पोलिसांना दिले आहेत. तरीही 'नोटीस मिळालीच नाही' असा शहाणपणा करू नका. दोन निळ्या टिका सगळ्यांना दिसतात, आणि तांत्रिक मुद्द्यावर जमादारांशी वैर घेऊन पदरात काही पडत नाही. वकिलाला बरोबर घेऊन ठाण्यात जा, कागदी नोटीस मागून घ्या, पोच द्या, आपल्या प्रतीवर तारीख-वेळ लिहून घ्या. नोटिशीत सांगितलेल्या प्रत्येक तारखेला हजर राहिला तर, कारण लेखी नोंदवल्याशिवाय त्याला अटक करता येत नाही. एक तारीख चुकवली की ते कवच गेलं.

पण त्याआधी सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाका. ११८(१) अजामीनपात्र आहे, एवढं कारण पुरेसं आहे. आणि ११८(२) वाढण्याची शक्यता आहे हे अर्जात उघड लिहा, लपवू नका, म्हणजे उद्या कलम वाढलं तर पुन्हा पळापळ नको. पहिल्याच दिवशी अंतरिम संरक्षण मागतात. मिळालं तर सहसा अमुक वारी ठाण्यात हजेरी, साक्षीदारांना भेटायचं नाही, अशा अटी येतात. त्या पाळायच्या. जामीनदार म्हणून सातबारा असलेला, तारखेला खरंच येऊन उभा राहणारा माणूस आत्ताच बघून ठेवा, भावकीतला नको.

आता 'येऊन सह्या करून जा'. कसल्या सह्या? नोटिशीची पोच, जामिनाचा मुचलका, अटक झालीच तर अटकेचा मेमो, यांवर सही करायची, वाचून. तपासात घेतलेल्या जबाबावर सही करायचीच नसते. कायदाच सांगतो की पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबावर सही घेऊ नये. कोऱ्या कागदावर तर कोणीही, कधीही नाही, 'नंतर टाइप करतो' म्हटलं तरी नाही. प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात, पण ज्या उत्तराने आपण गुन्ह्यात अडकू ते देण्याची सक्ती नाही. हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २० ने दिलेला हक्क आहे, मेहेरबानी नाही. चौकशीच्या काळात वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ शेजारी बसवता येईल असं नाही.

पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्यातली पळवाट ठाऊक नसते. कोठडीत असताना आरोपीने सांगितलं, 'दांडा गोठ्यामागे ठेवलाय, काढून देतो', आणि तिथे तो खरंच सापडला, तर तेवढा भाग पुराव्यात येतो. त्याला निवेदन पंचनामा म्हणतात, आणि आमच्याकडची निम्मी प्रकरणं त्याच्यावरच उभी असतात. भावाला हे नीट समजावून सांगा. त्याने वकिलाला सगळं खरं सांगावं, दांड्यासकट. ठाण्यात गप्पांच्या ओघात काही सांगू नये. चहा पाजून बोलतं करणारे जमादार मारणाऱ्यांपेक्षा जास्त हुशार असतात.

अटक झालीच तर चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, त्याला न्यायाधीशांसमोर उभं करावं लागतं. घरच्यांना कळवावं लागतं. वैद्यकीय तपासणी करावी लागते. तेव्हा डोक्यावरच्या टाक्यांची नोंद करून घ्या. आणि अटकेची कारणं लेखी, त्याला समजणाऱ्या भाषेत द्यावी लागतात. वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघात प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या अपिलात नोव्हेंबर २०२५ मध्ये हे सर्व गुन्ह्यांसाठी स्पष्ट झालं : तत्काळ लेखी देणं शक्य नसेल तर आधी तोंडी सांगा, पण रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. तो कागद मिळाला नाही तर रिमांडच्या वेळीच न्यायाधीशांना सांगायचं, महिन्याभराने नाही.

आई. फिर्यादीत तिच्याबद्दल एकच ओळ आहे, 'त्याच्या आईने शिवीगाळ करून मार मार असे म्हटले'. कुठल्या शब्दांत, तिने हात लावला का, काहीच नाही. अशा एका ओळीवर ३(५) टिकवणं फिर्यादी पक्षाला जड जातं, आणि दोषारोपपत्र आल्यावर तिच्यापुरता दोषमुक्तीचा अर्ज जरूर करा. कागदांच्या प्रती मिळाल्यापासून साठ दिवसांत तो करायचा असतो. वयाबद्दल एक गैरसमज मात्र आहे. साठीच्या पुढच्या माणसाला उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही, असं नव्या कायद्यात आहे खरं, पण ते तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांपुरतं. ११८(१) ला बरोबर तीन वर्षं आहेत. थोडक्यात हुकलं! त्यामुळे अटकपूर्व जामिनाच्या अर्जात तिचंही नाव घाला. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईमाणसाला अटक करायची तर असाधारण कारण, महिला पोलीस अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, तिन्ही लागतं. रात्री दारात गाडी थांबली तर एवढं तिला माहीत असू द्या. आणि वकिलाची फी परवडत नसेल तर स्त्री म्हणून, उत्पन्न न बघता, तिला मोफत वकील मिळतो. तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा, किंवा १५१०० वर फोन. वकील तालुक्याच्या कोर्टात रोज उभा राहणारा घ्या. पुण्याचा मोठा वकील प्रत्येक तारखेला माणला येणार नाही.

भावाच्या डोक्याचे टाके तुम्ही पत्रात एका वाक्यात उरकलेत, आणि मला वाटतं तिथेच तुमची मोठी चूक झाली. खासगी डॉक्टरचा केसपेपर, औषधांची बिलं, त्या दिवशी काढलेले फोटो असतील तर ते, सगळं गोळा करा. ग्रामीण रुग्णालयात जाऊन व्रण दाखवून दाखला घ्या. मग उलट फिर्याद द्या, उशीर का झाला हे खरं कारण लिहून. ठाण्यात घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी, आणि तिथेही दाद लागली नाही तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. एकाच घटनेच्या दोन फिर्यादी असल्या की कोर्टाला दोन्ही बाजूंच्या जखमा दिसतात, आणि अंगाच्या व मालमत्तेच्या बचावाचा मुद्दा उभा राहतो. आधी वार कुणी केला, हे तुम्ही मला सांगितलेलं नाही. वकिलांना सांगा.

गावातून आणखी एक सल्ला आला असेल, नाही तर येईल : आईला पुढे करून विनयभंगाची फिर्याद ठोका. घडलं नसेल तर अजिबात नाही. खोटी फिर्याद हा गुन्हा आहे, आणि ती उघडी पडली की तुमच्या खऱ्या टाक्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

दोन लाख. दखलपात्र गुन्हा नोंदल्यावर तो चुलतभावाचा राहत नाही. खटला सरकार चालवतं, त्यामुळे 'मागे घेतो' हे त्यांच्या हातातच नाही. हातात आहे ती तडजोड. ११५(२), ३५२, ३५१(२) त्यांच्या संमतीने मिटतात, ११७(२) कोर्टाच्या परवानगीने. ११८ तडजोडीच्या यादीत नाही. त्यासाठी दोघांच्या संमतीने उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो. ऑगस्ट २०२५ पासून सातारा जिल्ह्यासाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, मुंबईचे हेलपाटे वाचले. उपचाराचा खर्च म्हणून काही रक्कम द्यायला माझी हरकत नाही. भावकी आहे, उद्या सुतकाला एकमेकांच्या दारात जायचंच आहे. पण ती संमतीचं शपथपत्र झाल्यावर, बँकेतून, वकिलांच्या समोर. रोख दिलेल्या दोन लाखांची आठवण साक्षीच्या दिवशी कोणाला राहत नाही. आणि बांध तसाच राहिला तर पुढच्या पेरणीला पुन्हा हेच होईल. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज या आठवड्यात टाका.

शेवटी भरती. 'गुन्हा कबूल कर, दंड भर, सुटशील' असं तारखेला कंटाळलेली माणसं सांगतात, कधी कधी काळा कोट घातलेलीसुद्धा. दंड पाचशे असो की पाच हजार, ती शिक्षाच, आणि कपाळावर दोषसिद्धी लागते. भरतीच्या पोराने हे कधीच करू नये. तडजोड मान्य झाली तर तिचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखा असतो, गुन्हा रद्द झाला तर आणखी बरं. तरीही नोकरी नक्की, असं मी लिहिणार नाही. मेहर सिंग प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की पोलीस खातं सुटका कशी झाली हे तपासून उमेदवार नाकारू शकतं. पण नुसता गुन्हा दाखल आहे म्हणून दार कायमचं बंद होतं असंही नाही.

दार हमखास बंद होतं ते लपवल्याने. अवतार सिंग प्रकरणाच्या २०१६ च्या निकालानंतर सगळ्या भरत्यांत हेच बघितलं जातं. साक्षांकन नमुन्यात (भरतीच्या वेळी स्वतःची माहिती भरून द्यायच्या फॉर्ममध्ये) 'आपल्यावर गुन्हा दाखल आहे काय' असा रकाना येईल. तिथे 'होय' लिहायचं. गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं, कोर्टाचं नाव आणि प्रकरण कुठवर आलंय, एवढंच. फॉर्म भरल्यानंतर कलम वाढलं, दोषारोपपत्र गेलं किंवा निकाल लागला तर तेही लेखी कळवून पोच घ्यायची. बांध कोणी कोरला ते त्या रकान्यात लिहू नका, तिथे ते कोणी विचारत नाही.